पाहुण्यांसमोरचं अक्षर

"तुम्ही बोलता त्यातून मला काही कळत नाही. लिहून द्या," असं म्हणून आशाबाई पंपरूमशेजारच्या बाकावरून उठल्या आणि कोथिंबिरीची जुडी छातीशी धरून आपल्या विंगकडे चालू लागल्या. जाताना त्यांनी वॉचमनला पाण्याच्या टँकरबद्दलही विचारलं, म्हणजे त्यांच्या दृष्टीने दोन्ही विषय सारख्याच निकडीचे असावेत. बाबाजी नेवरेकर बसल्या जागी बसून राहिला. मीरा रोडच्या पूनम सागर सोसायटीतली संध्याकाळ नेहमीसारखी चालू होती, कोणीतरी वरच्या गॅलरीतून "ऊपर आ जा, दूध ठंडा हो रहा है" म्हणून ओरडत होतं, आणि बाबाजीच्या आत मात्र कुकरची पहिली शिट्टी होण्याआधी झाकण हलतं तसं काहीतरी हलत होतं. प्रसंग तसा छोटा होता. आशाबाईंची मुलगी दिव्या बडोद्याला असते. ती म्हणत होती की आई, आता एकटी राहू नकोस, फ्लॅट भाड्याने दे आणि इकडे ये. तिला रविवारी हो किंवा नाही कळवायचं होतं. हे सगळं सांगून झाल्यावर आशाबाईंनी जुडीतली पिवळी पानं खुडत विचारलं होतं, "तुमचं काय म्हणणं?" या प्रश्नाला जगात दोनच उत्तरं होती. बाबाजीने तिसरं दिलं. तो म्हणाला, "बडोद्याला आमटीत साखर घालतात हो. तुमचं कसं व्हायचं."

त्यावर त्यांनी 'लिहून द्या' म्हटलं. यात राग नव्हता, ती त्यांची पद्धत होती. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून गेली होती. माणसं फोनवर काय बोलतात आणि फोन ठेवल्यावर पुढच्या नंबरावर काय बोलतात, हे त्यांनी इतकं ऐकलं होतं की तोंडी गोष्ट त्या जमेस धरत नसत. डॉक्टर औषधाचं नाव सांगू लागला की त्याच्यापुढे कागद सरकवत. बाबाजीला हे माहीत होतं. माहीत असूनही आपल्याला भीतीऐवजी आनंद का झालाय, हे त्याला जिन्यात कळेना. लिफ्ट समोर उघडी उभी असताना तो जिन्याने चढत होता, आणि तेही गुडघ्याला न विचारता. त्यांनी 'जाऊ दे' म्हटलं नाही. लिहून द्या म्हणाल्या. म्हणजे वाचणार.

पण लिहायचं म्हटलं की अक्षर आलं, आणि अक्षराच्या बाबतीत बाबाजीच्या घरी दोन चुली होत्या. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात तो आयुष्यभर भांड्यांवर नावं घालत आला होता. दुकानाच्या तोंडाशी स्टूल, मांडीवर गोणपाट, हातात गुरगुरणारं मशीन, आणि पुढे परात किंवा घागर घेऊन उभी राहिलेली नवरीची मामी. 'चि. सौ. कां. संचिता हिस मामामामींकडून सप्रेम भेट.' स्टीलवर खोडता येत नाही. मशीन सरळ उभं धरायचं, श्वास रोखायचा, प्रत्येक अक्षर शाळेच्या तपासणीला उभं केल्यासारखं ताठ काढायचं, मग वरून छपराची रेघ. भाईंदरपासून पार वसईपर्यंतच्या स्वयंपाकघरांतून बाबाजीचं प्रेम असं पसरलेलं होतं, सगळं दुसऱ्यांच्या वतीने. हे त्याचं पाहुण्यांसमोरचं अक्षर. कोणी बघायला लागलं की हात आपोआप त्या अक्षरात जाऊन उभा राहत असे, जसे काही लोक कॅमेरा दिसला की हनुवटी वर करतात. दुसरं अक्षर घरातलं. ते आडवं पडलेलं, धावणारं, छपराच्या नावाने बोंब असलेलं. बायको, मंदा, होती तेव्हा दुकानातून दुपारी तिला तो चिठ्ठ्या पाठवत असे, 'खोबरं संपलंय का बघ', 'आज उशीर', 'सर्दीचं औषध घे नाहीतर मी येऊन पाजीन', आणि त्या फक्त तिला वाचता येत. ती म्हणायची, तुमचं अक्षर म्हणजे ओला बोंबील, धरायला जावं तर निसटतं. ती गेली आणि ते अक्षर वाचणारं कोणी उरलं नाही, म्हणून त्यानेही ते काढणं बंद केलं. तिच्या भांड्यांवर मात्र पाहुण्यांसमोरच्या अक्षरात, अगदी डावाच्या दांडीवरसुद्धा, 'मंदा' होतं. आमटी वाढताना ते नाव रोज हाताला लागत असे. सवयीने बोटांना आता ते खरखर इतकंच लागायचं, आणि कधीमधी एखाद्या दिवशी पूर्ण नाव लागायचं.

दुसऱ्या दिवशी त्याने कपाटातून जितेशने दिलेलं पेन काढलं. मुलाने ते निवृत्तीच्या वेळी कुठल्याशा विमानतळावर घेतलं होतं. सोनेरी निब, मखमलीची डबी, आणि लिहायला जावं तर ओल्या फडक्याने फरशी पुसावी तशी रुंद, गोल, निर्बुद्ध रेघ. सून स्वाती ऑफिसला निघताना दारात थबकली.

"बाबा, पेन कशाला?"

"बँकेत सही जुळत नाही म्हणतात."

"तुमची बँक तर फोनवर आहे."

"म्हणूनच जुळत नाही."

स्वातीने डब्याचं झाकण नीट लागलंय का हे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं, चपला काढल्या, परत आत येऊन सोफ्याच्या हातावर टेकली आणि फोनमध्ये शोधू लागली. ही मुलगी प्रश्न विचारत नाही, हे तिचं मोठेपण, आणि तिला उत्तर आधीच कळलेलं असतं, ही तिची दहशत. "उत्तनजवळ तारोडीला एक बाई आहेत, डॉक्टर बर्नडेट. डेंटिस्ट होत्या. आता फाउंटन पेनच्या निबा घासून देतात, हाताला बसेल तशा. पुण्याहून लोक येतात म्हणे."

"दात पाडून घ्यायला?"

"बाबा. नंबर लावते. इस्त्रीचा शर्ट घालून जा," ती म्हणाली. बँकेसाठी कोणी इस्त्रीचा शर्ट सुचवत नाही, हे बाबाजीच्या ती गेल्यावर लक्षात आलं.

एका माणसाचं येणं रद्द झालं होतं म्हणून त्याला लगेच बोलावणं आलं. भाईंदरहून उत्तनची बस खाडी मागे टाकून मोकळ्यावर आली तसं त्याला लहान मुलासारखं खिडकीतून हात बाहेर काढावासा वाटलं. काठ्यांच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते, जबडे एकमेकांत अडकवून, जोडीजोडीने, आणि वाऱ्याबरोबर तो वास बसमध्ये चढून सगळ्यांच्या शेजारी बसला. बाबाजी मात्र मायन्यापाशी अडकला होता. 'प्रिय' लिहावं तर वीस-बावीस वर्षांचा मुलगा लिहितोय असं वाटतं. 'श्रीमती' म्हणजे घरपट्टीचं बिल. सोसायटीत सगळे त्यांना आशाताई म्हणतात, आणि एक तोच आशाबाई म्हणतो. हा फरक त्याने पहिल्या दिवशीच, कुठलाही विचार केलेला नसताना, करून ठेवला होता. म्हणजे विचार कुठेतरी आधीच झाला असणार, फक्त त्याला कळवलं गेलं नव्हतं. बसने वळण घेतलं. त्याने शर्टाची कॉलर चाचपली. आपल्याला हसू येतंय हे शेजारच्या कोळणीने बघितलं आणि पाटी जरा आपल्याकडे ओढून घेतली.

डॉक्टर बर्नडेट यांचा दवाखाना बंद झाला होता, पण दवाखान्याला ते कोणी सांगितलेलं नसावं. निळी खुर्ची तशीच होती, वर गोल दिवा, बाजूला फिरणारं यंत्र, भिंतीवर हसणाऱ्या दातांचं चित्र आणि त्याच्या वर मेरी माउलीची तसबीर. बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, घरातल्या फ्रॉकवर जुना पांढरा कोट घातलेल्या. "बसा," त्या म्हणाल्या. उजेड तिथेच चांगला होता म्हणून गिऱ्हाइकालाही त्या त्याच खुर्चीत बसवत. बाबाजी बसला, खुर्ची मागे गेली, वरचा दिवा लागला आणि त्याने तोंड उघडलं.

"तोंड मिटा. पेन उघडा."

त्यांनी भिंगातून निब बघितली, मागे-पुढे केली, नखावर टेकवून पाहिली. "चीर सरळ हाय. किडलेली न्हाय. लाडावलेली हाय पण." मग दातांची हत्यारं ठेवायची स्टीलची ताटली त्यांनी त्याच्यापुढे सरकवली. तीत पेनं होती, प्रत्येकाची निब वेगळी घासलेली. "लिहून बघा. कुठली आवडते ती सांगा, मग आपण तुमची तशी करू."

ताटलीवर कोणाचंही नाव घातलेलं नव्हतं, हे बाबाजीने सवयीने आधी बघितलं. मग त्याने पहिलं पेन उचललं आणि पुढच्या अर्ध्या तासात त्याचं काय झालं हे त्याला नीट सांगता आलं नसतं. त्या ताटलीत पेनं नव्हती, माणसं होती. पहिल्याची निब सुईसारखी. तिने 'आशा' लिहिलं तर चिमणी ओल्या सिमेंटवरून चालत गेल्यासारखं दिसलं. हा माणूस काटकसरी, रोज चालायला जाणारा, कोणाच्याही दारात वाळत घातलेल्या पापडावर पाय न देणारा. हा आशाबाईंना आवडेल, पण आवडून त्या बडोद्यालाच जातील. दुसरी पुढून चपटी कापलेली. तिची उभी रेघ जाड आणि आडवी बारीक, त्यामुळे 'आशा'तले काने खांबांसारखे उभे राहिले आणि नाव एकदम नगरपालिकेच्या इमारतीसारखं दिसायला लागलं. हा माणूस भाषण करणार. तिसरी तिरकी, एका खांद्यावर झुकलेली, हा डोळा मारणारा. त्याला बाबाजीने घाईने परत ताटलीत ठेवलं आणि मग, डॉक्टर बघत नाहीत असं पाहून, पुन्हा उचललं. चौथी इतकी मऊ की दाबलं की रेघ फुगायची, सोडलं की बारीक व्हायची. हा रडका, दोन ओळींत छातीवर हात ठेवील. एवढे सगळे बाबाजी इतकी वर्षं कुठे बसले होते? दुकानाच्या तोंडाशी, गोणपाट मांडीवर घेऊन, हे सगळे आतल्या आत रांग लावून होते की काय? त्याचे कान गरम झाले होते. खिडकीबाहेर नारळाच्या झावळ्या हलत होत्या, लांब कुठेतरी होडीचं इंजिन टकटकत होतं आणि या वयात आपण कोण व्हायचं हे ठरवायची संधी एका दाताच्या खुर्चीत आडवं पडून मिळते आहे, या गोष्टीने त्याला इतकी गंमत वाटली की पाचवं पेन त्याने टोपण न काढताच कागदावर टेकवलं. पाचवीची आडवी रेघ जाड होती आणि उभी बारीक, दुसरीच्या बरोबर उलट. 'आशा'च्या डोक्यावर छप्पर आलं. खाली बारीक बारीक खांब, आणि वर एक भक्कम, सावली देणारी रेघ. ते घर होतं.

"ही," तो म्हणाला.

"आर्किटेक्ट म्हणतात तिला. इंग्लिश लिहिणाऱ्यांना मी सहसा देत न्हाय. तुमच्या लिपीला बरी, तिला वर छप्पर लागतं." बर्नडेट स्टूल ओढून त्याच्या कोपरापाशी बसल्या. "आता ऐका. टोकाला हा मणी हाय ना, तो मी घासणार. तुम्ही ज्या कोनात पेन धरता त्याच कोनाला. दुसऱ्या कोनात धरलं तर ती कागदाला नीट लागणार न्हाय. आणि घासलेलं परत येत न्हाय, दातासारखंच. म्हणून जे लिहायचंय तेच लिहा, आणि नेहमी लिहिता तसंच. मी मजकूर वाचत न्हाय, हात बघते."

सूचना इतकी सोपी होती. पण बाई बघत होत्या, पांढरा कोट होता, दिवा थेट हातावर होता, शर्टाला इस्त्री होती. आणि बाबाजीचा हात, त्याला न विचारता, उठून ताठ उभा राहिला. पेन मशीनसारखं सरळ झालं, श्वास रोखला गेला आणि कागदावर सावकाश उमटलं: 'श्रीमती आशाबाई यांस सप्रेम'. पुढे आपोआप 'भेट' येऊ लागलं, ते त्याने दातांखाली धरून थांबवलं.

"एवढंच?"

"बँकेला एवढं पुरतं."

"बरी हाय तुमची बँक," डॉक्टर म्हणाल्या आणि यंत्र सुरू केलं.

दुपारी घरी कोणी नसताना तो जेवणाच्या टेबलाशी बसला. कोरा कागद, खाली घडी केलेला टॉवेल, शाई निळी. पहिली ओळ अशी काही उतरली की त्याने ती उचलून खिडकीत धरून बघितली. लोणी. छपरं जागच्या जागी, खांब सरळ, आणि निब कागदावरून जाताना आवाजसुद्धा नाही. 'श्रीमती आशाबाई यांस.' त्याने पंखा बंद केला, म्हणजे कागद हलू नये आणि सुख वाऱ्यावर जाऊ नये. मग पुढचं लिहायचं होतं ते मनात आलं, आणि ते येताच त्याचा हात आडवा पडला, धावायला लागला, आणि निबने लिहिणं बंद केलं. कागदावर ओरखडा. मध्येच एखादा काना, मग काही नाही, मग वेलांटीचं शेपूट. त्याने थांबून हात ताठ केला. शाई आली. ताठ हाताने त्याने वाक्य पुढे न्यायचा प्रयत्न केला आणि वाक्य झालं, 'आपल्या सहवासाप्रीत्यर्थ.' त्याने नवा कागद घेतला. ताठ हाताला फक्त तेच येत होतं जे त्याने जन्मभर स्टीलवर काढलं होतं: शुभेच्छुक, स्मरणार्थ, सप्रेम. 'स्मरणार्थ' बघून तो उठून पाणी प्यायला गेला. मनातलं म्हणावं तर हात पडायचा, आणि हात पडला की ही निब, त्याची हौसेची, निवडून घेतलेली निब, अशी वागायची की जणू त्याची आणि तिची ओळखच नाही. तिची चूक नव्हती. ती ज्याच्यासाठी घासली होती त्या माणसाची ती वाट बघत होती. तो माणूस दवाखान्याच्या खुर्चीत थोडा वेळ बसला होता आणि गेला होता. बाबाजी डाव पुसत ओट्याशी उभा राहिला, तेव्हा त्याला हसू फुटलं. एवढे सगळे बाबाजी समोर मांडलेले असताना त्याने पाठवला कोणाला, तर दुकानातल्याला. डावाच्या दांडीवरचं नाव अंगठ्याला लागलं, पूर्ण. मंदा असती तर म्हणाली असती, बॉलपेन घ्या आणि मरा. पण बॉलपेनने लिहिलेलं घरातलं अक्षर आशाबाईंना वाचता येणार नव्हतं. छप्पर असतं तर निदान कुठला शब्द कुठे संपतो ते तरी कळलं असतं. रविवार परवावर आला होता. त्याला भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती, पण तिच्या आत ते कुकरचं झाकण अजून तसंच हलत होतं. घरातलं अक्षर इतक्या वर्षांनी हाताला आलं होतं. ते मेलेलं नव्हतं, नुसतं निजलं होतं, आणि उठल्या उठल्या त्याने पेन बंद पाडलं होतं.

शनिवारी संध्याकाळी आशाबाई बाकावर आल्या. हातात मेथी.

"दिलं नाहीत," त्या म्हणाल्या.

बाबाजीच्या तोंडात मेथीवरचं एक वाक्य तयार होऊन आलं होतं, ते त्याने गिळलं. "माझं अक्षर दोन प्रकारचं आहे," तो म्हणाला, आणि मग निबेची, खुर्चीची, ताठ हाताची सगळी हकीकत त्याने एका दमात सांगितली. मध्ये एकदाही तो त्यांच्याकडे बघून हसला नाही. आशाबाई मेथी निवडायची थांबून ऐकत होत्या. एक्स्चेंजमध्ये लांबचा कॉल ऐकताना त्या अशाच बसत असतील, मान किंचित एका बाजूला.

"म्हणजे पेनला तुम्ही खोटी सही दिलीत."

"तसंच."

"आणि त्या बाई परत घासून देतात?"

"मणी उरला असेल तर."

"मग उद्या जाऊ. मीपण येते."

"तुम्ही कशाला?"

"दिव्याला रात्री फोन करायचाय. तोवर कागद हातात नको?" त्यांनी मेथीचे देठ पिशवीत टाकले. "आणि वाचता येतं की नाही ते मी ठरवीन. तुम्ही का ठरवताय?"

रविवारी चर्चमधली मिसा आटोपून डॉक्टर नुकत्याच आल्या होत्या, कोटाखाली फुलाफुलांची साडी होती. त्यांनी कागदावरचे ओरखडे बघितले, निब भिंगाखाली धरली आणि बाबाजीकडे अशा नजरेने पाहिलं की त्याची जीभ आपोआप दाढेवर गेली. "शिंप्याकडे पोट आत घेऊन उभे राहिलात, आणि आता शर्ट बसत न्हाय म्हणता."

"हे तसेच आहेत," आशाबाई म्हणाल्या.

"तुम्ही कोण? बँक?"

"बँक?" आशाबाईंनी बाबाजीकडे बघितलं. बाबाजी भिंतीवरच्या दातांकडे बघत होता.

"मणी थोडाच उरलाय," डॉक्टर म्हणाल्या. "एकदा होईल. परत चुकलात तर हिचा खिळा होईल, भिंतीला मारा. चला, बसा. आणि हो, खोटं लिहाल तर मला हातावरून कळणार हाय, परवाच कळायला पायजे होतं."

खुर्ची मागे गेली. डाव्या अंगाला बर्नडेट, उजव्या अंगाला, पाण्याच्या छोट्या बेसिनपाशी, आशाबाई. मांडीवर पाटी, पाटीवर कागद. हात उठून ताठ झाला. बाबाजीने तो खाली घेतला. तो पुन्हा ताठ झाला. बघणाऱ्या दोन बाया होत्या, त्यातल्या एकीने बघू नये असं त्याला वाटत होतं आणि दुसरीने बघावं म्हणूनच हा सगळा खटाटोप होता, आणि नेमकी कुठली कुठली हे त्याला त्या क्षणी सांगता येईना. त्याने डोळे मिटले. दुपारचं दुकान आठवलं, गोणपाटाचा उबट वास, मामी गेलेली, मशीन बंद, आणि कोणीच बघत नाही म्हणून बिलाच्या मागच्या बाजूला घाईघाईने, भांड्यांच्या सावलीत, घरच्या माणसाला लिहिलेलं काहीही. तसं लिहायला घरचं माणूस लागतं. तिथे मंदा होती. आता तिथे कोण बसलंय, असं त्याने बंद डोळ्यांनी स्वतःला विचारलं, आणि बेसिनच्या बाजूने मेथीचा अगदी पुसट वास आला, काल निवडलेल्या, अजून बोटांना राहिलेल्या मेथीचा. त्याने डोळे उघडले तेव्हा हात पडलेला होता. तो धावायला लागला. निब ओरखडत होती, निम्मी अक्षरं उमटत नव्हती, तो थांबला नाही. उतारावरून सायकल सोडून द्यावी तशी ओळीमागून ओळ खाली गेली. डॉक्टर त्याच्या मनगटाजवळ वाकून बघत होत्या, मधूनच डोकं एका बाजूला करत होत्या, आणि एकदा हळूच म्हणाल्या, "हा. आता बसला."

कागद भरला. बाबाजीने श्वास सोडला. डॉक्टर निब घेऊन यंत्रापाशी गेल्या आणि कागद आशाबाईंनी उचलला. त्यांनी चष्मा बदलला. कागद लांब धरला, जवळ धरला, खिडकीकडे तिरपा केला, कारण जिथे शाई उमटली नव्हती तिथे निबचा ओरखडा उजेडात चमकत होता.

"बडोद्याला," त्यांनी वाचलं, बालवाडीतल्यासारखं, बोट ठेवून. "बडोद्याला... जाऊ नका." यंत्राचा बारीक सूर चालू होता. "चहा मला... एकट्याला... एकट्यालाही करता येतो. पण... हे काय? दोन?"

"दोन."

"दोन कपांचा अंदाज... हाताला बसलाय. लग्न म्हणा, शेजार म्हणा... म्हणायचं ते तुम्ही म्हणा. मंदाचं नाव... भांड्यांवर आहे, ते राहील." इथे त्या थांबल्या. पुढचं वाचायच्या आधी त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा, मनात, ओठ हलवून वाचलं. "माझ्या घरीही भांडी आहेत," त्या कागदाला उद्देशून म्हणाल्या, "त्यांच्यावर आमच्या ह्यांचं नाव आहे. एकत्र घासली म्हणून काही होत नाही." मग बोट शेवटच्या ओळीवर गेलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी कागद फिरवला. उजेडात धरला. "हा शब्द लागत नाही."

बाबाजीने मान वळवून बघितलं. तो शब्द त्यालाही दिसत नव्हता, तिथे नुसता ओरखडा होता, पण त्याला पाठ होता. लिहिताना तो एका झटक्यात गेला होता. आता तो तोंडाने म्हणायचा होता, आडवं पडून, दिव्याखाली, आणि त्याच्या डोक्यात लगेच त्या शब्दाऐवजी म्हणता येतील असे दोन विनोद येऊन उभे राहिले, दोन्ही बरे होते.

"घाबरलोय," तो म्हणाला. "मी घाबरलोय, असं आहे ते."

आशाबाईंनी कागदाची घडी घातली. घडी पर्समध्ये टाकली, चेन लावली आणि पर्स मांडीवर ठेवून वर दोन्ही हात ठेवले. यंत्र थांबलं. बर्नडेटनी निब पाण्यातून काढली, फडक्याला पुसली, पेनात बसवली आणि बाबाजीच्या हातात दिली. त्याने पाटीवरच्या दुसऱ्या कागदावर पडल्या हाताने काहीतरी ओढलं. शाई सलग आली. आणि त्या धावत्या, विसकटलेल्या अक्षरांवर, एकावरून दुसऱ्यावर जाताना निसटणारी रेघ आता जाड उमटून, पहिल्यांदाच, एक छप्पर झालं होतं. वाकडं, कुठे खाली आलेलं, पण सगळ्या शब्दांवर होतं. त्याने पुन्हा लिहिलं. पुन्हा लिहिलं. बाबाजीला खुर्चीतून उठवेना, इतका तो हावरटासारखा लिहीत सुटला.

"बघू," म्हणून आशाबाईंनी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि कोपऱ्यात एक रेघ ओढली. रेघ उमटली नाही. "माझ्याकडे चालत नाही."

"न्हाय चालणार. ती आता त्यांची हाय."

आशाबाईंनी पेन परत दिलं. मग त्यांनी बाबाजीला हाताने खुणावलं, ऊठ म्हणून. तो उठला. त्या खुर्चीत बसल्या, पर्स पोटावर घेतली, पदर नीट केला आणि दातांच्या हत्यारांची ती ताटली स्वतःपुढे ओढून एकेक पेन उघडून बघू लागल्या. सुईसारखीने त्यांनी आपलं नाव लिहिलं, तोंड वाकडं केलं. चपट्या कापलेलीने लिहिलं, "अगंबाई, केवढं," म्हणाल्या आणि ती जरा वेळ हातात ठेवली. तिरकी उचलली. तिनेही त्यांनी नाव लिहिलं, खाली एक वेलबुट्टी काढली आणि मान तिरकी करून तिच्याकडे बघत राहिल्या. कोणीतरी आपल्याला बघतंय हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांचा हात जराही ताठ झाला नव्हता.

"ही माझी करून द्या," त्या म्हणाल्या.

"अशी लगेच न्हाय होत, बाई. नाताळपर्यंत माझी सगळी माणसं ठरलेली हायत. आज यांचं दुरुस्तीचं म्हणून घेतलं." डॉक्टरांनी कोटाची बाही दुमडली. "जानेवारी उजाडेल. आणि नक्की असाल तरच सांगा. लोक नंबर लावतात, मग गाव सोडून जातात, मला फोन पण करत न्हायत."

आशाबाईंनी तिरक्या निबेला टोपण घातलं. बाबाजी बेसिनपाशी उभा होता, हातात पेन उघडंच, शाईचा एक थेंब टोकाशी जमून लोंबत होता आणि तो पडेल की राहील याकडेच जणू सगळं लक्ष लागल्यासारखा तो त्याच्याकडे बघत होता.

"जानेवारी चालेल," आशाबाई म्हणाल्या. "मी मीरा रोडलाच असते."